विहिणींची वाळू

बेतिंग रू,
१४ मे १९८५

विहीणबाई रोकिया,

सलाम घ्या. मासळीची लॉरी चालवणारा मामत काल तुमचा निरोप घेऊन आला. निरोप कसला, अर्धा गाव गोळा करून त्याने ओरडून सांगितलं की मस्नाला दिवस गेलेत. मी मासळीच्या केरोपोक वड्यांच्या पिठात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. तिथेच रडायला लागले. त्या घाण्यात मीठ जास्त पडलं असणार, कारण आज सगळी गिऱ्हाइकं पाणी मागत होती.

मस्ना माझी एकुलती. ती लग्न होऊन नदीपलीकडे तुमच्या पासिर गेलामला गेली तेव्हा मी मनाला समजावलं होतं, लांब कुठे, तोंडातलं पान संपायच्या आत होडी पलीकडे लागते. आता नदीच्या मुखाशी त्या दगडी भिंती घातल्यापासून ओढ अशी वाढली की होडीवाल्याने धंदाच सोडला. वरच्या पुलावरून बसने यायचं तर अर्धा दिवस जातो आणि माझी कंबर तिथेच राहते. म्हणून हे पत्र.

कामाचं बोलते. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, ही रीत तुमच्याकडे आहे तशीच आमच्याकडे. दिवस डिसेंबरात भरतात, म्हणजे ऐन तुफानात. तेव्हा ऑक्टोबर संपायच्या आत तिला इकडे पाठवा. तोक बिदाह दाईचे हात अजून घट्ट आहेत. तिनेच मस्नाला या जगात ओढून काढलं.

आमच्याकडे बाकी ठीक. गेल्या तुफानात समुद्राने नेहमीसारखी पुळण खाल्ली. वारा पडला की दरवर्षी आणून टाकतो, यंदा अजून टाकलेली नाही. म्हातारे मच्छीमार तोक एम्बोंग म्हणतात उशीर झालाय इतकंच. साठ वर्षं ते हा किनारा बघताहेत, समुद्र उसनं नेलेलं बुडवत नाही म्हणतात.

रोजे तोंडावर आलेत. मस्नाने हट्टाने धरले तर तिला रागवा. माझं ऐकायची नाही, तुमचं ऐकेल.

केलथुम


पासिर गेलाम,
२७ जून १९८५

विहीणबाई केलथुम,

ईदचा सलाम. तुम्ही पाठवलेले केरोपोक पोचले. मीठ अगदी बेताचं होतं, म्हणजे रडून झालं असावं.

मस्ना छान आहे. सकाळी ओकते, दुपारी आंबट कैरी मागते आणि संध्याकाळी माझ्याशी वाद घालते. तिचा नवरा, आमचा जुसोह, समुद्रात तेल काढायच्या कामावर आहे, महिन्यातून एकदा येतो. भांडणातला त्याचा वाटा मलाच पुरवावा लागतो.

एक सुचवू का? रागावू नका. बाळंतपण इथेच होऊ द्या. घर मोठं आहे, सरकारी नर्स हाकेच्या अंतरावर राहते. तुम्ही यायचं, हवं तितकं राहायचं, माझ्या स्वयंपाकघरात हवी तितकी नावं ठेवायची. तुफानात पोटुशी बाई पुलावरून हिंदकळत नेणं माझ्या जिवाला बरं वाटत नाही.

इकडे मोठी गंमत झाली आहे. दगडी भिंती झाल्यापासून आमच्यापुढे पुळण एवढी वाढली, की समुद्राला पाय लावायला चालत जावं लागतं! पोरं तिथे वेताच्या चेंडूने ताक्राव खेळतात, सकाळी मासळी वाळत असते, परवा कुणी चहाची टपरी टाकली. आमच्या ह्यांची, गावच्या पंगुलूंची, छाती फुगली आहे. भिंतीसाठी अर्ज त्यांनीच केला होता ना, होड्या मुखाशी रुतायच्या म्हणून. आता घरातही मुखियासारखे बोलतात. मी म्हटलं, घरात मुखिया मी आहे.

रोकिया


बेतिंग रू,
२० जुलै १९८५

विहीणबाई,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं माझाच काही गैरसमज होतोय.

घर मोठं, नर्स जवळ, पुळण लांबरुंद, वर चहाची टपरी. आमचं घर लहान आहे, कबूल. पण त्यात मी मस्नाला जन्म दिला आणि ती काही वाकडी निपजली नाही. सून एकदा घरात आली की माहेरी पाठवायला सासवांच्या हाताला कुलूप लागतं, हे मी ऐकून होते. तुमच्याबद्दल वेगळं वाटलं होतं.

तुम्हाला पुळण मिळाली, मुबारक. आमची अजून आली नाही. किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, मुळं वर करून पडलीत. मी आपलं घर थोडं मागे घेतलं. तशी गरज नव्हती, पण मागे वारा चांगला लागतो. गावातले सगळे पुरुष आले, खांबांना बांबू बांधले आणि घर खांद्यावर उचलून नेलं. मी आतली भांडीसुद्धा काढली नाहीत. एक बशी फुटली. पूर्वी एका हाकेला इतकी माणसं जमत की खांदा द्यायला जागा मिळत नसे. या वेळी मशिदीच्या इमामांनाही बांबू धरावा लागला. बरीच घरं आतल्या बाजूला, रबराच्या मळ्यांकडे निघून गेलीत. घाबरट माणसं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पूर्वी तुमच्याकडचं सगळं वाहत आमच्याकडे यायचं. नारळाच्या करवंट्या, जाळ्यांचे सुटलेले बोये, एका पायाच्या चपला. मस्नाचं लग्न ठरायच्या आधीच मला तुमच्या गावाच्या चपला ओळखता यायच्या! आता काही म्हणता काही येत नाही. चपला वापरायचं सोडलंत की काय?

तिला ऑक्टोबरात पाठवा.

केलथुम


पासिर गेलाम,
११ ऑगस्ट १९८५

विहीणबाई,

तुमच्या रागाला उत्तर नंतर देईन. आधी चपलांचं.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला चैन पडेना. काल गुडघ्याला तेल चोळून भिंतीपर्यंत चालत गेले. वर चढून बसले, दुपारची नमाज चुकेपर्यंत. विहीणबाई, लाट आमच्या किनाऱ्याला सरळ येत नाही, तिरकी येते. येताना वाळू थोडी उचलते, वर टाकते, जाताना थोडी पुढे सरकवते, उत्तरेकडे, तुमच्या दिशेने. अंगण झाडताना केर कसा दाराकडे सरकत जातो, तसं. हे आयुष्यभर बघत आले, पण डोळे उघडे ठेवून कधी बघितलं नव्हतं. ती वाळू सरकत सरकत येते आणि दगडाला अडते. अलीकडे, आमच्या बाजूला, वाळू भिंतीच्या माथ्याला टेकली आहे. तुमच्या सगळ्या चपला तिथेच अडकल्यात, मी बघितल्या. पलीकडे, तुमच्या बाजूला, पाणी काळं आहे आणि खोल आहे.

तुमची वाळू उशीर करत नाहीये. ती येणारच नाही. माझ्या अंगणात बसली आहे.

पंगुलूंना सांगितलं. ते म्हणाले, समुद्र ज्याला द्यायचं त्याला देतो, बायकांनी त्यात डोकं घालू नये. मी रात्रीची आमटी मुद्दाम अळणी केली, पण त्याने काय होणार.

हात जोडून सांगते, मस्नाला इथेच ठेवू द्या. आणि तुम्हीही या. तुफान सुरू व्हायच्या आत या. मला भीती वाटते, आणि मी उगाच भिणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

रोकिया


बेतिंग रू,
२ सप्टेंबर १९८५

विहीणबाई,

शाबास. सून अडवायला आधी मोठं घर काढलं, मग नर्स काढली, आता अख्खा समुद्र काढलात.

मी तुमचं पत्र तोक एम्बोंगना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांची कवळी पडली. म्हणाले, जन्मभर भात शिजवलेल्या बाईने एका दुपारी दगडावर बसून समुद्र शिकावा, मग आम्ही होड्या जाळून टाकतो. तुफान वाळू आत नेतं, खोल पाण्यात ठेवतं, शांत वारा ती परत आणतो. त्यांच्या बापाच्या वेळीही एकदा दोन वर्षं आली नव्हती आणि मग एकदम आली. असं ते म्हणतात. यंदा येईल, नाही तर पुढच्या वर्षी येईल.

तुमचं खरं मानलं तर अर्थ काय होतो, कळतंय का तुम्हाला? तुमच्या नवऱ्याच्या अर्जाने माझं अंगण गेलं. ज्या घरात मी मुलगी दिली त्या घराने. असं मला मानायला लावू नका. मला तुमच्याशी नातं ठेवायचं आहे.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर इथल्या बायका काय बोलतील? आई कंगाल झाली, सासरच्या ओसरीवर पडून राहिली. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही. हेच एक आहे. ते तुम्ही मला देऊ द्या.

पाठवा. नाहीतर कंबर मोडली तरी चालेल, मी न्यायला येईन.

केलथुम


पासिर गेलाम,
२५ ऑक्टोबर १९८५

विहीणबाई,

हे पत्र मस्नाच्या पिशवीतच आहे, म्हणजे ती तुमच्यापुढे उभी असेल.

मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मा, ती तिथे एकटी आहे ना? मग तर जायलाच हवं." कोणावर गेली आहे, हे सांगायला नको. मी अडवलं असतं तर ती चालत निघाली असती. मामतने लॉरीत पुढे गादी घातली आहे आणि मासळीचा एकही खोका ठेवायचा नाही, अशी शपथ घेतली आहे. शपथेला वास येतोय, पण चालेल.

सातव्या महिन्याचा पोटाचा विधी इथे केला. नारळ पोटावरून सोडला, तो भिंतीपर्यंत गडगडत गेला. बायका म्हणाल्या, मुलगा. मस्ना म्हणाली, "जमीन उतरती आहे."

तुमच्याशी वाद संपला. मी हरले. आता एकच मागणं आहे. दर आठवड्याला मामतबरोबर चिठ्ठी द्या. मोठं काही लिहू नका. पायरीवर बसलं की समुद्र फक्त दिसतो की ऐकूही येतो, की त्याहून जवळ आहे, एवढंच लिहा. खरं लिहा. मी कुणाला सांगणार नाही, हसणारही नाही.

मला झोप नाही.

रोकिया


बेतिंग रू,
१७ नोव्हेंबर १९८५

विहीणबाई,

सगळं ठीक. मस्ना जेवते. पाय थोडे सुजलेत, तोक बिदाह म्हणते चालतं. वारा सुरू झालाय.

समुद्र ऐकू येतो. तो काय, सगळ्यांनाच ऐकू येतो.

केलथुम

(याच पाकिटात, पिठाच्या कागदी पिशवीच्या फाडलेल्या तुकड्यावर)

मा, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे म्हणून हे आत टाकते आहे. आई खोटं लिहिते. भरतीला पाणी घराखाली येतं. ऐकू येतं म्हणण्यात अर्थ नाही, फळ्या हलतात तेव्हा पायाला कळतं. समोरचे दोन खांब उघडे पडलेत, बुडाचे दगड दिसतात. घर अजून मागे न्यायला हवं, पण मागे दलदल आहे. न्यायचं तर बांधावरून शाळेच्या मैदानात न्यावं लागेल आणि तेवढी माणसं गावात उरली नाहीत. जे उरलेत ते तोक एम्बोंगच्या वयाचे. आई तुमच्या गावाकडे मागणार नाही. म्हणते, "त्यांच्या दगडांनी नेलं, आता त्यांच्याच खांद्यावर जाऊ?" पण घर सोडून निघायलाही तयार नाही. काल तिला कळतं का बघावं म्हणून मी विचारलं, वाळू येईल ना गं? ती नुसती भांडी घासत बसली.

तोक बिदाह म्हणते बाळ खाली उतरलंय, आता बसमध्ये बसवायचं नाही. मा, मला भीती वाटते.

मस्ना


पासिर गेलाम,
२२ नोव्हेंबर १९८५, शुक्रवार

विहीणबाई,

हे पत्र माणसांबरोबरच येतंय. वाचायच्या आधी दार उघडा, पावसात उभी असतील.

काय झालं ते थोडक्यात सांगते. आज नमाजेनंतर आमच्या ओसरीवर पुरुषांची बैठक होती. विषय होता नव्या पुळणीवर ताक्रावची पक्की जागा बांधायची का. मी कॉफीचा ट्रे घेऊन आले आणि खाली ठेवलाच नाही. तशीच उभी राहिले. पंगुलू म्हणाले, "ठेव की." मी म्हटलं, "ज्या वाळूवर तुम्ही जागा आखताय ते माझ्या विहिणीचं अंगण आहे. तिच्या घरात आपली सून पोटुशी आहे आणि घराखाली पाणी आहे. आधी ते घर उचलून या, मग कॉफी."  कॉफी थंड होत होती. मग मी मस्नाचा कागद पंगुलूंच्या मांडीवर टाकला.

त्यांनी वाचला.  मग उठून म्हणाले, "बांबू आपले न्यायचे, तिकडे कापायला वेळ नाही."

दोन लॉऱ्या येताहेत. एक मामतची आहे, वासाबद्दल माफ करा. मला यायचं होतं, पण वरच्या रस्त्याला पाणी लागलंय आणि गुडघ्याची सूज उतरत नाही. त्यांना तुमची माणसं समजून राबवा, शिव्या द्या. मला नंतर काय वाटेल ते बोला. फक्त आज नाही म्हणू नका.

रोकिया


बेतिंग रू,
१५ डिसेंबर १९८५

विहीणबाई,

नात झाल्याचं पुरुषांनी सांगितलंच असेल, पण पुरुषांनी सांगितलेलं बाळंतपण म्हणजे आंधळ्याने सांगितलेला रंग. रस्ता आज उघडला, म्हणून आता सगळं लिहिते.

तुमची माणसं शनिवारी सकाळी आली तेव्हा मी दार उघडलं नाही. तुमचं पत्र खिडकीतून घेतलं आणि आत बसून वाचलं. मस्ना माझ्याकडे बघत होती. तिला पहाटेपासून कळा येत होत्या आणि पोरीने माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. मी उठून दार उघडलं, तेव्हा तिने खांब धरला आणि खाली बसली. तोक बिदाहने हात लावून बघितलं आणि म्हणाली, हिला आता घरातून हलवायचं नाही. त्याच वेळी लाट आली आणि समोरची पायरी घेऊन गेली.

तुमच्या पंगुलूंनी खालून ओरडून विचारलं, "किती जणी आत आहात?" मी म्हटलं, "तिघी, आणि चौथं वाटेवर." ते म्हणाले, "मग तशाच बसा. भांडी धरा."

आणि घर उचललं, विहीणबाई. आम्हाला आत घेऊन. फळ्या कुरकुरल्या, कपाट सरकलं, तोक बिदाह कुराणातल्या ओळी म्हणत होती आणि मधेच तुमच्या माणसांना शिव्या देत होती, "हळू रे गाढवांनो, इथे बाई बाळंत होतेय!" मी मस्नाला मागून घट्ट धरून बसले होते. फळ्यांच्या फटीतून मला खाली डोकी दिसत होती, पावसाने निथळणारी, एकाला एक लागून. समुद्राकडच्या कोपऱ्याला, जिथे पाणी मांडीपर्यंत येत होतं आणि उभं राहायला कुणी तयार नव्हतं, तिथे तुमचे पंगुलू होते. त्यांचं डोकं मी ओळखलं, माझ्या मुलीच्या लग्नात त्यावरची टोपी सारखी घसरत होती.

बांधावर दोनदा घर टेकवावं लागलं. दुसऱ्यांदा टेकवलं तेव्हा मस्ना किंचाळली आणि मला वाटलं, दोघी गेल्या. मी तुमच्यावर किती रागावले होते आणि त्या क्षणी तुम्हीच हव्या होतात मला. दुसरं कुणी आठवलं नाही. मग परत "एक, दोन, तीन" झालं आणि आम्ही वर गेलो.

शाळेच्या मैदानात ठेवलं तेव्हा एका खांबाखाली दगड नीट बसला नाही. घर कललं होतं. तशा कललेल्या घरात, संध्याकाळच्या बांगेच्या थोडं आधी, मुलगी झाली. तुमचा नारळ खोटा पडला. लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याच घरात झालं, आता कुणाची टाप आहे बोलायची!

मी तिला धुऊन गुंडाळलं आणि दार उघडलं. तुमचा एकही माणूस गेला नव्हता. सगळे पावसात खांबांपाशी उभे होते, बांबू अजून हातात होते. मी पोरगी दाखवली.  एकजण नाक शिंकरायला लागला. मग मी सगळ्यांना कॉफी दिली, साखर संपेपर्यंत.

आमची जुनी जागा आता नाही. तिथे लाट फुटते. तोक एम्बोंग रोज सकाळी बांधाच्या टोकाला जाऊन बसतात. काल मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ते म्हणाले, "वाळू आली असती बघ." मी हो म्हटलं. त्या म्हाताऱ्याला आता काय सांगणार? इथेही किती दिवस, माहीत नाही. रात्री वारा वाढला की मी उठून फळ्यांना पाय लावून बघते. अजून भीती जात नाही.

जाण्याआधी पंगुलू नातीला मांडीवर घेऊन बसले होते. खाली मान घालून म्हणाले, "विहीणबाई, चूक झाली. मी वरती लिहितो. तुमच्या गावापुढेही दगडांची भिंत घालून मागतो, मग तुमचं अंगण कुणी खाणार नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या इमामांनी तर हातही वर केले दुवेसाठी. विहीणबाई, माझ्या तोंडाशी हो आलं होतं. नातीचं जावळ अजून ओलं होतं, कुणीही हो म्हटलं असतं.

मी म्हटलं, "आधी आमच्या पुढच्या, उत्तरेच्या गावात जाऊन या. तिथे कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे का, बघून या."

केलथुम